पश्चिमेची हद्द

माणिकचंदजींनी राजमतीबाईंच्या हातातला बत्ता वरच्यावर पकडला.

"बंद कर. माडीवर आवाज जाते."

"दोनच ठोके राह्यले."

"एकबी नाई. सुनेची मीटिंग चालू आहे."

राजमतीबाईंनी खलातल्या अर्धवट कुटलेल्या सुंठीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "तुमच्यासाठीच तं कुटून राह्यले. मले काय हौस आहे?"

माणिकचंदजींनी घाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि जिन्याकडे नजर टाकली. जिन्यात कोणी नव्हतं. बायकोला ते चांगले ओळखून होते, म्हणून बत्ता परत न देता स्वतःजवळच ठेवून घेतला.

सकाळपासून त्यांनी घर असं बंदोबस्तात ठेवलं होतं. मिक्सरची पिन काढून ठेवली होती. शेजारच्या पोरांना क्रिकेट खेळायला दुसऱ्या गल्लीत धाडलं होतं. दहा वाजता गिरजाबाई भाजीची टोपली घेऊन आली आणि तिनं नेहमीप्रमाणे "मेथीऽऽ" म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात माणिकचंदजी बत्ता हातात घेऊन दारात उभे. गिरजाबाईनं टोपली हळूच खाली ठेवली आणि पदर डोक्यावर ओढला.

"कोन गेलं बाप्पा?"

"कोनी नाई गेलं. सुनेचं काम चालू आहे, कम्प्यूटरचं."

"मंग ते कम्प्यूटर झोपलं हाय का?" गिरजाबाईनं कुजबुजत विचारलं. त्या दिवशी तिनं सगळ्या गल्लीत कुजबुजतच मेथी विकली आणि तिच्या निम्म्या जुड्या परत गेल्या.

रिसोडच्या कापडलाइनीत माणिकचंदजींचं दुकान जुनं. आता ते मुलगा संयम पाहायचा. सून चेतना कारंज्याची. लग्नानंतर ती पुण्यातल्या कंपनीचं काम चार वर्षं इथूनच, माडीवरच्या खोलीत बसून करत होती, आणि आता कंपनीनं फतवा काढला होता की नव्या वर्षापासून सगळ्यांनी ऑफिसात हजर व्हायचं. चेतना गेली तर संयमही जाणार, दुकान चुलतभावाच्या हवाली होणार, हे ठरलेलं होतं. म्हाताऱ्यांनी बरोबर जावं, असं कोणी सुचवलंसुद्धा नाही. सुचवून उपयोग नव्हता. माणिकचंदजींचं दिग्व्रत होतं.

दिग्व्रत म्हणजे चारी दिशांना आपण कुठवर जायचं त्याची हद्द बांधून घ्यायची आणि जन्मभर ती ओलांडायची नाही. माणिकचंदजींची पश्चिमेची हद्द जालना होती, हे सगळ्या जैन समाजाला माहीत होतं. गेल्या पंचवीसेक वर्षांत जालन्याच्या पुढे त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. त्यापायी नात्यातली लग्नं चुकवली, सख्ख्या भाच्याची बी.ए.ची मिरवणूकही चुकवली. पर्युषणात व्याख्यानाला आलेले पंडितजी त्यांचं उदाहरण देत, तेव्हा माणिकचंदजी मान खाली घालून सतरंजीची दशी ओढत बसत. लोक म्हणत, केवढा विनय.

तर पुणं जालन्याच्या पुढे होतं, आणि त्याला काही इलाज नव्हता.

एकच वाट उरली होती. चेतनाचा साहेब मयंक म्हणाला होता, "क्लायंटनं स्वतः लिहून दिलं की हिला हलवू नका, तरच मला काही करता येईल." आणि क्लायंट सध्या अडचणीत होता. आज दुपारी दोनला शेवटची खेप होती; त्यात काम झालं तर तो लिहून देणार होता. नाही झालं तर सामान बांधायचं.

माणिकचंदजी बत्ता घेऊन माडीवर आले, तेव्हा मीटिंग संपली होती आणि चेतना कपाळ धरून बसली होती.

"काय म्हनते मशीन?"

"भरलं म्हणते."

ते खुर्ची ओढून बसले. चार दिवसांत त्यांनी हे सगळं प्रकरण विचारून विचारून समजून घेतलं होतं. हा क्लायंट म्हणजे एक परदेशी विमा कंपनी, आणि तिचा कारभार एका जुन्या, कपाटाएवढ्या मेनफ्रेमवर चालायचा. तिथला कारकून कामाला बसला की मशीन त्याला मेमरीचा एक ठरावीक तुकडा देई. त्या तुकड्याला सर्व्हर म्हणायचं. त्याच्या आत पुन्हा भाग पाडलेले, त्यांना टेबलं म्हणायचं. एकात हुकूम, एकात शब्द, एकात आकडे, एकात कोणत्या फायली एकत्र उघडायच्या त्यांची यादी. कोणतं टेबल केवढं, ते मशीन चालू करतानाच सांगून ठेवायचं. पुढे एक टेबल भरलं, की शेजारचं रिकामं असलं तरी काम जागच्या जागी बंद.

"शिरपूरच्या धर्मशाळेवानी," माणिकचंदजी पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "एका खोलीत तेरा जनं अन् शेजारच्या खोलीले कुलूप."

चेतनाला त्यानंतर दुसरं काही समजावावं लागलं नाही.

आता वर्षअखेरीचा मोठा अहवाल हुकमांचं टेबल भरल्यामुळे मधेच बंद पडत होता. ते मोठं केलं की काम होत होतं. पण एकूण तुकडा वाढवायला क्लायंट तयार नव्हता. म्हणजे कोणत्या तरी दुसऱ्या टेबलाची जागा कापून इकडे द्यायची. कोणाची कापायची, एवढाच प्रश्न होता, आणि प्रत्येक खात्याच्या प्रमुखानं आपल्याला आहे तेवढंही पुरत नाही म्हणून कळवलं होतं.

"लोकं असंच म्हनत असतात," माणिकचंदजी म्हणाले. "थांब, तुले दाखवतो."

ते खाली गेले आणि लाल पुठ्ठ्याची एक वही घेऊन आले. तरुणपणी शिरपूरला महाराजांच्या चातुर्मासात त्यांनी परिग्रहाची मर्यादा घेतली होती, म्हणजे कोणती वस्तू किती ठेवायची त्याचा नियम. तो त्या वहीत लिहिलेला होता. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

"धोतरं, चाळीस."

"चाळीस?" चेतनानं मान वळवली. दोरीवर वाळणारी धोतरं ती रोज पाहत होती. "बाबूजी, तुमच्याकडे आठ आहेत."

"महाराजायनं अचानक विचारलं. मांगं लोकं बसून होते. तोंडातून चाळीस निघून गेलं."

"छत्र्या?"

"सात." त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "हासू नको. मानूस हद्द सांगते ना, तवा भेवून सांगते. पाह्यचं असंन तं तो वापरते किती ते पाहाव."

चेतना हसत होती आणि त्याच वेळी तिला पटत होतं. पुढचं पान उलटताना तिला वर 'दिशा' असा शब्द दिसला. माणिकचंदजींनी वही फटकन मिटली आणि तिच्या टेबलावर ठेवली.

"बाकीचं तुले माईतच आहे," ते म्हणाले.

वापर पाहायची सोय मशीनमध्ये होती. प्रत्येक टेबल जास्तीत जास्त किती भरलं, त्याची खूण ते ठेवायचं, पुराचं पाणी उतरल्यावर पुलावर राहते तशी. चेतनानं खुणा पडद्यावर मांडल्या. एका कामाचे आकडे पुढच्या कामाला देण्यासाठी एक टेबल होतं. ते पुष्कळ मोठं होतं आणि त्याची खूण होती शंभरात नऊ.

"सापडलं," ती म्हणाली. "याचं अर्धं कापते."

तिनं नवे आकडे लिहिले, बेरीज जमवली आणि मयंकला पाठवायला म्हणून निरोप टाइप करू लागली. बारा वाजायला आले होते. माणिकचंदजी पडद्याकडे पाहत होते. पन्नास वर्षं कापड विकलेला माणूस, त्यांना आकड्यापेक्षा आकडा कोणत्या हंगामातला आहे, हे आधी कळायचं.

"नऊ म्हनते ना? हे खून कवापासूनची?"

"मशीन चालू झाल्यापासूनची."

"अन् ते कवा चालू झालं?"

"रविवारी. दर रविवारी बंद करून पुन्हा चालू करतात ते."

"मंग पह्यलची खून?"

"ती पुसली जाते. नव्यानं शून्यापासून सुरू."

माणिकचंदजींनी बत्ता मांडीवर आडवा ठेवला. "आज बेस्तरवार. चार दिवसायची खून पाहून तू अर्धं कापून राह्यली? अवो, आषाढात मानूस दुकानात आला तं म्हनन, येवढे शालू कायले भरले बाप्पा, यकबी खपत नाई. त्याले तुळशीचं लगन होऊ द्या म्हनाव. मांगच्या साली याच दिवसायत हे किती भरलं होतं?"

चेतनाचे हात कीबोर्डवर थांबले. जुने लॉग, म्हणजे मशीनच्या रोजच्या नोंदी, ठेवलेले असतात, हे तिला ठाऊक होतं. चार दिवसांच्या घाईत ते उघडून पाहायचं सुचलं नव्हतं. तिनं मागच्या डिसेंबरचा लॉग उघडला.

शंभरात शहाण्णव.

हा बदल गेला असता तर एक अहवाल सुरू होऊन दुसरे चाळीस बंद पडले असते, तेही वर्षाच्या शेवटच्या दिवशी, आणि रिसोड काय, नोकरीसुद्धा राहिली नसती. तिनं लिहिलेला निरोप पुसून टाकला.

"पानी आनू?" माणिकचंदजींनी विचारलं.

"नको. तुम्ही बसा इथंच."

मग ती एकेक डिसेंबर उघडत गेली. माणिकचंदजी वर्ष सांगत, ती आकडा वाचे, आणि ते वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहून घेत. अकरा वर्षांचं झालं तेव्हा एक वाजून गेला होता. फायलींच्या यादीचं जे टेबल होतं, ते अकरा वर्षांत कधी शंभरात पाचच्या वर गेलंच नव्हतं. दोन हजार नऊ साली कोणी तरी ते एवढं मोठं करून ठेवलं होतं आणि कारण काही लिहिलं नव्हतं.

"चाळीस धोतरं," माणिकचंदजी म्हणाले.

"चाळीस धोतरं," चेतना म्हणाली आणि त्या टेबलाचे आकडे कमी करून हुकमांच्या टेबलात घालू लागली.

"थांब." माणिकचंदजी खुर्चीवरून अर्धे उठले. "यकाची हद्द घटवून दुसऱ्याची वाढवायची? हा तं अतिचार झाला!"

"काय झाला?"

"दोष. दिग्व्रतात सांगेल आहे. पूर्वेचे कोस कमी करून पश्चिमेले जोडता येत नाईत. व्रताले बट्टा लागते."

"मशीनला चालतं, बाबूजी. बेरीज तेवढीच राहिली म्हणजे झालं."

"आमच्यात बेरीज पाहत नाईत," ते म्हणाले आणि नाइलाजानं खाली बसले.

चेतनानं आकडे पुन्हा एकदा तपासले. मग पडद्यावरची नजर न काढता तिनं हळूच विचारलं, "चालत असतं तर? तुम्ही पश्चिमेला थोडं जोडून घेतलं असतं का?"

माणिकचंदजींनी बत्ता या हातातून त्या हातात घेतला. "तुह्यं काम कर," ते म्हणाले.

दोन वाजता मशीन बंद करून नव्या आकड्यांवर चालू केलं. अडीचला अहवाल सोडला. पावणेतीनला रिसोडची लाइट गेली. माणिकचंदजी तरातरा खाली गेले, इन्व्हर्टरवरचा पंखा, दिवे, फ्रिज सगळं बंद केलं आणि संयमला फोन करून दुकानातून दुसरी बॅटरी मागवली. ती येईपर्यंत लाइट आली. आधीच्या खेपेला अहवाल ज्या पानावर बंद पडत होता, ते पान गेलं. त्याच्या पुढचं गेलं. चेतनानं खुर्चीची कड इतकी घट्ट धरली होती की नख मोडलं ते तिला संध्याकाळी कळलं.

सव्वातीनला अहवाल पूर्ण झाला. चारला मयंकचा फोन आला. तो स्पीकरवर होता, कारण माणिकचंदजी दारातून हलायला तयार नव्हते.

"चेतना, जबरदस्त! त्यांनी लिहून दिलं. शिवाय अकरा वर्षांचे आकडे काढलेस म्हणून खास कौतुक केलंय. तू रिसोडलाच राहा. फक्त जानेवारीत एकदा दोन दिवस इकडे येऊन सगळ्यांना हे समजावून जा, बस."

चेतनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला माडीवरची खोली सुटत नव्हती, एवढंच नव्हतं. सकाळी खालून येणारा या दोघांच्या भांडणाचा आवाज तिला हवा होता. तिनं वळून पाहिलं. माणिकचंदजी "बरं झालं" एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवून जिना उतरले. बत्ता आणि वही तिच्या टेबलावरच राहिली.

दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायची म्हणून पाचला ती दोन्ही घेऊन खाली निघाली. वहीतून एक कागद निसटून पायरीवर पडला. एसटीचं जुनं, पिवळं तिकीट होतं. ते जिथून पडलं त्या पानावर ठेवायला म्हणून तिनं वही उघडली.

*दिशा. पूर्वेस शिखरजीपर्यंत. दक्षिणेस श्रवणबेळगोळपर्यंत. उत्तरेस हस्तिनापूरपर्यंत. पश्चिमेस समुद्रापर्यंत.*

तिनं पान दोनदा वाचलं. उलटून मागे पाहिलं. जालना कुठेच नव्हतं.

स्वयंपाकघरात राजमतीबाई सुंठीच्या कागदी पुड्या बांधत होत्या. पुड्यांची एक रांग झाली होती.

"आई, बाबूजींना खोकला आहे का?"

"खोकला कायचा? गाडी लागते त्याईले."

"कोणती गाडी?"

"कोनतीबी. जालन्यालोक कसेबसे बसतात. माह्या भावाच्या पोरीच्या लग्नाले चाललो होतो. जालन्याच्या अलीकडं, शेजारी नवरदेवाचा आजा बसून होता, मांडीवर नवाकोरा फेटा घेऊन." राजमतीबाईंनी पुडीला दोरा गुंडाळला. "त्याच फेट्यात. मंग स्टँडावर उतरले अन् उलट्या पावली घरी. दुकानात सांगतलं, जालन्याच्या पुढं मी जात नाई. लोकायले वाटलं दिग्व्रत."

"आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"मले इचारलं कोनं?"

चेतना भिंतीला टेकली. "पण मग आता या पुड्या कशाला?"

"पुण्याले न्याच्या होत्या. दर दोन घंट्याले यक. तुमी जानार होते, अन् आमी इथं काय भिताडाशी बोलावं?" त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. "पिशवी कवाची भरून ठेवली त्याईनं."

दाराच्या मागे खुंटीला कापडी पिशवी होती. चेतनानं आत पाहिलं. चार धोतरं, पाणी गाळायचं नवं फडकं, स्वाध्यायाचं पुस्तक, आणि घडी घालून रबर लावलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, मोजून डझनभर. अख्ख्या समाजासमोरचा पंचवीस वर्षांचा मान त्यांनी या पिशवीसोबत खुंटीला लावून ठेवला होता, आणि त्याबद्दल घरात एक शब्द बोलले नव्हते. तिला आता खरंच रडू आलं.

परसातून हातपाय धुऊन माणिकचंदजी आत आले. त्यांनी सुनेच्या हातात उघडी वही पाहिली, बायकोपुढच्या पुड्या पाहिल्या, आणि पाटावर बसून घेतलं.

"बाबूजी, इथं समुद्रापर्यंत लिहिलंय."

"लिवलं तं आहेच."

"मग जालना?"

"जालना मी नाई म्हनलं. लोकायनं म्हनलं." त्यांनी ताट पुढे ओढलं. "मी फक्त नाई म्हनलं नाई."

"पंचवीस वर्षं?"

"पह्यल्या वर्षी सांगाव म्हनलं होतं. तं पंडितजीनं व्याख्यानातच घेतलं."

राजमतीबाईंनी भाकरी वाढली. सगळे जेवू लागले. परसातलं ऊन भिंतीवर चढून कौलापाशी गेलं होतं. माणिकचंदजींनी दोन घास खाल्ले आणि थांबले.

"जानेवारीत कवा जानं आहे तुले?"

"रविवारी सकाळी निघेन म्हणते."

"रविवारी." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवला. "ते मशीनबी रविवारीच बंद करून चालू करतात ना?"

"हो."

"अन् पह्यलची खून पुसली जाते?"

"पुसली जाते, बाबूजी."

माणिकचंदजींनी डावा हात लांब करून वहीशेजारचा बत्ता उचलला आणि बायकोपुढे धरला.

"घे," ते म्हणाले. "राह्यलेले दोन ठोके घालून टाक."